हसताना पायांकडे बघावं

३ मार्च, सोमवार

गेल्या गुरुवारचं पान दुरुस्त करायला हवं. तिथे मी लिहून ठेवलंय — "मॅडम वर्गाचा निम्मा वेळ हसण्याखिदळण्यात घालवतात, व्यायामाला वेळच उरत नाही, खेदाची गोष्ट आहे." खेदाची गोष्ट म्हणे! चूक. साफ चूक. पान फाडावंसं वाटलं, पण फाडणं म्हणजे लपवणं झालं. तेव्हा ते तिथेच राहू दे. खरं काय ते इथे लिहिते.

आज वर्ग सुटल्यावर मी चटया गुंडाळत होते. आरोग्य केंद्रात माझं काम तेवढंच — चटया घालायच्या, बाळंतपण होऊन गेलेल्या बायकांचं वजन आणि रक्तदाब बघायचा, वर्गाला न आलेलीला फोन करायचा. व्यायाम मॅडम घेतात, त्या फिजिओथेरपीच्या. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी जोक सांगत होते तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे काय बघायचंय? मी आहे तशीच आहे. त्यांच्या पायांकडे बघ."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. बाळंतपणानंतर कित्येकींना हसताना, खोकताना, शिंकताना लघवी सुटते. ओटीपोटाचा तळ सैल पडलेला असतो. विचारलं तर प्रत्येक जण म्हणते — छे, मला नाही! पण पोटभर हसवलं की पाय सांगून टाकतात. कुणी पायावर पाय घट्ट टाकते. कुणी खुर्चीची कड धरते. कुणी नुसती तोंडाने हसते, पोट हलूच देत नाही.

"मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. पुढच्या वेळी तिच्या शेजारी जाऊन बसते. सगळ्यांना माझी गोष्ट सांगते — धाकट्याच्या वेळी मी शिंकले की कपडे बदलायची. आणि वाट बघते. ती आपणहून बोलेपर्यंत."

आम्हाला अभ्यासक्रमात विचारायलाच शिकवलं होतं. प्रश्न पहिला, प्रश्न दुसरा, उत्तरासमोर खूण. वाट बघणं हेसुद्धा काम असतं हे कुणी बोललं नव्हतं. केवढी हुशार बाई! आणि मी खेद करत बसले होते.

६ मार्च, गुरुवार

मॅडमनी आज आल्या आल्या विचारलं, "काल बसून कोण कोण जेवलं?"

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एकच हात वर आला, तोही अर्धा — जुळ्यांच्या आईचा. "बसून… म्हणजे, एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरा, आणि ताट खिडकीत."

हसून हसून पुरेवाट! मी पायांकडे बघितलं. दोघी दिसल्या. एक तर जिच्याबद्दल मला वाटायचं की ही अगदी ठणठणीत आहे — शाळेत शिकवणारी, नेहमी पहिल्या रांगेत बसणारी. मी मान खाली घातली. कुणाच्या घरात न विचारता डोकावल्यासारखं झालं.

या आठवड्याचा अभ्यास: वजन नाही, पोटाचा घेर नाही. एक वेळचं जेवण बसून आणि गरम. शाळेतली म्हणाली, "आणि बाळ रडलं तर?"

"घरातलं दुसरं माणूस उठेल."

"दुसरं माणूस उठलं नाही तर?"

"तर रडेल जरा. गाणं शिकतंय समजायचं."

मागे एक नवी मुलगी बसली होती. बहिणीच्या लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून दिवसातून एकदाच खाते. बाळाला अंगावर पाजते आणि एकदाच खाते! मला राग आला होता. मॅडम रागावल्या नाहीत. लग्नात कोणते कपडे घालणार, कुणी काय टोमणा मारला, सगळं विचारलं. टोमणा सासूचा नव्हता, सख्ख्या बहिणीचा होता. मग म्हणाल्या, "तू आत्ता दोघांसाठी खायला हवंस. वजन हळूहळू उतरू दे. रोज बाळाला घेऊन चालायला जा, भाज्या-फळं-डाळी पोटभर खा. आणि बहिणीला सांग, फोटोत मी तुझ्या शेजारी उभी राहिले की तूच बारीक दिसशील."

मॅडम स्वतः चांगल्या जाडजूड आहेत. एकदा म्हणाल्या होत्या, "मी काडी असते तर या बायकांनी माझं एक अक्षर ऐकलं नसतं."

७ मार्च, शुक्रवार

आज घरातलं लिहायचंय. मन थाऱ्यावर नाही.

वहिनी बस चालवते. हे लिहितानाही मला ताठ बसावंसं वाटतं. एवढी मोठी शहर बस, आणि आमची वहिनी तिच्या चाकामागे! दादाला लोक विचारतात, "तुझी बायको ती ड्रायव्हर ना?" आणि तो छापखान्यात दिवसभर त्याच ऐटीत असतो. पिटुकली चार महिन्यांची झाली. महिनाअखेर वहिनीची रजा संपते. पाळणा कुठे ठेवायचा, दूध काढून कसं ठेवायचं, सगळं ठरलेलं.

आणि आज जेवताना म्हणते कशी, "मी तिकीट-खिडकी मागून घेतेय. साहेब देतील."

दादाचा घास हातातच राहिला. ही तीच वहिनी, जी पूर्वी म्हणायची, "खिडकीत बसायला मी काय कुंडी आहे?"

"का गं?" दादाने विचारलं.

"मुलगी लहान आहे."

आई म्हणाली, "शहाणी आहेस. बसून काम, सावलीत काम."

पण मी बघितलं — आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि वहिनीने हातानेच नको म्हटलं. बाळाला पाजणारी बाई, दिवसभर पाणी जेमतेम पिते. तिचे कपडे ती पहाटे स्वतः धुते, कुणाला हात लावू देत नाही. मला ते नीटनेटकेपण वाटत होतं.

मला जे वाटतंय ते खरं असेल तर ती बस सोडतेय ती पिटुकलीसाठी नाही. बसला लांबचा फेरा असतो, आणि मध्ये उतरता येत नाही.

घरात शिकलेली मी पहिली आणि अजून तरी एकटीच. मला सगळे मास्तरीण म्हणतात. बिल आलं, कागद आला की मलाच हाक. मग हे मला दिसायला चार महिने का लागले?

९ मार्च, रविवार

फार मोठी चूक झाली. जसं घडलं तसं लिहिते, एक शब्द सावरून घेत नाही.

दुपारी सगळे घरी. जेवणं झाली होती. वहिनी खाटेच्या कडेला पिटुकलीला घेऊन बसलेली. मी मॅडमचा जोक सांगितला — त्यांच्या नवऱ्याने पहिल्यांदा बाळाला लंगोट बांधला, अगदी घट्ट, झकास. बाळ गप्पगार. मॅडम खूश. जवळ जाऊन बघतात तर लंगोट उशीला बांधलेला, आणि बाळ शेजारी उघडंबंब!

दादा म्हणाला, "यात हसण्यासारखं काय आहे? माझ्या हातून दोनदा झालंय."

त्यावर सगळे फुटलो. आईसुद्धा हसली आणि दूध उतू जाईल म्हणत आत पळाली. आणि वहिनी — एका पायावर दुसरा पाय, गुडघे आवळलेले, मोकळ्या हाताने खाटेची कड गच्च धरलेली.

आणि मी ओरडले! गणित सुटल्यावर वर्गात ओरडावं तशी. "बघ! मला वाटलंच होतं! वहिनी, तुला गळतं ना?"

दादासमोर.

वहिनीचं हसू जागच्या जागी थांबलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तू मला तपासत होतीस? हसवून तपासत होतीस होय गं मला?"

पिटुकलीला दादाच्या हातात दिलं आणि आत गेली. कडी लावली. दादा मला म्हणाला, "काय बोललीस तू?" त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि ते त्याला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. त्याहून वाईट काही नसेल.

आतून आई बाहेर आली. "बायकांच्या जातीला हे चालायचंच. चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे का ही? एवढं शिकवलं ते यासाठी?"

१० मार्च, सोमवार

मॅडमना सांगितलं. सगळं. वाटलं, म्हणतील की उद्यापासून येऊ नकोस. रात्रभर त्याचीच तयारी करून गेले होते.

त्या चहा पीत होत्या. कप खाली ठेवला. "हे तिला कसं वाटेल ते तुला आधी कळायला हवं होतं. तू तिच्याकडे नणंद म्हणून बघत नव्हतीस. आणि ती तर नणंद समजूनच हसत होती."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी पण एकदा केलंय. माझ्या सख्ख्या जावेला. ती अजून माझ्यासमोर हसत नाही."

"मग आता मी काय करू?"

"माफी माग. एकदाच, मोजक्या शब्दांत. वर्गाचं नाव काढू नकोस. वर्ग कधी असतो हे तिला माहीत आहे. त्यानंतर गप्प बस."

"किती दिवस?"

"ते तिच्यावर."

"पण महिनाअखेर ती खिडकी घेईल! बस सुटेल तिची!"

"सुटेलही," मॅडम म्हणाल्या. "पण तू ओढत आणलीस तर ती येईल, एकदा येईल, आणि व्यायाम काही करणार नाही. आमचा व्यायाम बाहेरून दिसत नाही बाई. ती करतेय की नाही हे फक्त तिलाच कळतं."

११ मार्च, मंगळवार

वहिनी लंगोटांच्या घड्या घालत होती. मी दारात उभी.

"या वन्सं, बसा," म्हणाली. वन्सं ती मला एरवी थट्टेत म्हणते. आजचं थट्टेतलं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, मी तुला न विचारता तुझी परीक्षा घेतली आणि वर चारचौघांत बोलले. माझं चुकलं."

"चारचौघांत कुठे? तिघांतच." घडी घातली. दुसरी घेतली. "यांना ठाऊक नव्हतं. मी ठेवलं नव्हतं ठाऊक."

"दादा काही म्हणाला?"

"म्हणाला, मला का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तुम्ही काय करणार होतात? बादली धरणार होतात?"

मला हसू आलं, पण हसावं की नाही कळेना. तीही हसली नाही. वर्गाचं वाक्य जिभेवर आलं होतं. सोमवार आणि गुरुवार, सकाळी, बाळाला आणलं तरी चालतं. गिळलं. शेजारी बसून चार घड्या घातल्या आणि उठले.

१३ मार्च, गुरुवार

वर्ग झाला. वहिनी आली नाही.

१७ मार्च, सोमवार

आज दार उघडलं की प्रत्येक वेळी मान वळवत होते. एकदा तर पंखा दुरुस्त करणारा आला. मॅडम कानात म्हणाल्या, "दाराकडे बघू नकोस. मुरगळेल मान."

वहिनी आली नाही. शाळेतली मात्र आज वर्ग संपल्यावर मागे रेंगाळली. मॅडम शेजारीच बसल्या होत्या. तिने आधी पावसाळ्यात शाळा कशी गळते ते सांगितलं. मग बाकांचं. मग म्हणाली, "मॅडम, मी फळ्यावर उंच लिहायला हात वर केला की…" मॅडमनी नुसतं विचारलं, "कधीपासून?" मी दार लोटून बाहेर आले. बाहेर उभी राहिले आणि मला इतकं भरून आलं, जसं काही माझीच कुणी बरी झाली.

१८ मार्च, मंगळवार

आई आणि मी. वहिनी बाळाला घेऊन झोपली होती. मी आईला म्हटलं, वहिनीला वर्गाला पाठवायला तू तरी सांग, तुझं ऐकेल. (हे मॅडमच्या आज्ञेत बसतं का? तिला मी काही बोलले नाही, आईला बोलले. पळवाट आहे. मला ठाऊक आहे ती पळवाट आहे.)

आई म्हणाली, "आठवड्यातून दोन दिवस उताणं पडून श्वास ओढल्याने काय होणार? आम्ही नाही का बाळंतपणं काढली? तू झालीस आणि दुसऱ्याच महिन्यात मी धुलाईच्या कामावर परत उभी होते. ओल्या चादरी उचलायच्या. ओली चादर केवढी जड असते, तुला काय माहीत! पुस्तकात नसेल. मला कुणी व्यायाम शिकवला? आणि मेले का मी?"

ती मेली नाही. तिने चादरी उचलल्या, मला शिकवलं, बाबा गेल्यावर दादाला कामाला लावलं. तिच्यासमोर ओटीपोटाचा तळ म्हणायला माझी जीभ रेटेना. एवढंच म्हटलं, "तुला कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

आई म्हणाली, "चल, पुरे झालं. दिवा लाव स्वयंपाकघरातला."

२० मार्च, गुरुवार

आली! आली! आली!

मी दाराकडे बघत नव्हते (खरंच नव्हते). रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होते, तर मागून आवाज — "क्लच असा सोडतात का? सगळ्या प्रवाशांची आतडी हलली. कोण आहे तो नवा पोरगा सात नंबरवर!" वहिनी! पिटुकली छातीशी बांधलेली, कपाळावर घाम. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बसमध्ये बसली होती, तीही मागच्या सीटवर, आणि वाटभर ड्रायव्हरला मनातल्या मनात शिकवत आली होती.

मला बघून म्हणाली, "चटई कुठे टाकू, मास्तरीण?" एवढंच. मी चटई दिली.

मॅडमनी नेहमीसारखी सुरुवात केली. माझं दुर्दैव — लंगोट आणि उशी! अर्ध्यातच वहिनीने हात वर केला.

"मॅडम, हा जोक मला घरी ऐकवून झालाय. माझी परीक्षा घरीच झाली. मी नापास."

मग जुळ्यांची आई म्हणाली, "म्हणजे? जोकची परीक्षा असते?"

आणि वहिनीने सांगितलं! सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, थांब्यांची नावं पुकारतात तसं. हसले की सुटते. शिंकले की सुटते. बस चालवते मी, खड्डा आला की सुटेल याची धास्ती. म्हणून पाणी पीत नव्हते, म्हणून खिडकी मागत होते. "आणि या मॅडम तुम्हाला हसवून तुमचे पाय बघतात, बरं का. सावध राहा."

मला वाटलं, झालं, आता मॅडमची सगळी रीत उघडी पडली! पण मॅडम स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. शाळेतली म्हणाली, "मी पण नापास." बहिणीच्या लग्नवाली म्हणाली, "मी पण." मग कोण कोण पास झालं तेच शोधायला लागलं. एकटी जुळ्यांची आई पास, आणि तिला म्हणे वाळीत टाका!

अशी बाई आमच्या घरात आहे.

२४ मार्च, सोमवार

मॅडमनी वहिनीला आत नेऊन नीट तपासलं, तिला विचारून. बाहेर येऊन दोघी माझ्यासमोरच बोलल्या, वहिनीने "तिला बसू दे" म्हटलं म्हणून. स्नायू सैल आहेत, फाटलेलं काही नाही. नेटाने केलं तर तीन-एक महिन्यांत पुष्कळ फरक पडेल. पाणी तोडायचं नाही. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि घाई आणखी वाढते. शौचाला जोर करावा लागू नये, म्हणून चोथ्याचं खायचं. आणि चालायचं.

व्यायाम मॅडम असा सांगतात: "थैलीची नाडी ओढतो ना, तोंड मिटतं आणि थैली वर उचलली जाते — तसं आतून ओढायचं. श्वास चालू ठेवायचा. पोट, मांड्या, दात, काही आवळायचं नाही. धरायचं, मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तेवढंच महत्त्वाचं." पहिल्या दिवशी सगळ्या भुवया उंचावतात. मॅडम म्हणतात, "नाडी तिथे नाही!"

वहिनी म्हणाली, "करेन, पण आठवणार कधी? दिवस कसा जातो कळत नाही." थोडा विचार केला. "सिग्नलला करते. लाल दिवा लागला की ओढायचं. बस उभीच असते तेव्हा. तोवर बस नाही तर नाही, चालताना रस्त्यात सिग्नल आहेतच की."

मॅडमनी तिथल्या तिथे सगळ्यांना तो सिग्नलचा व्यायाम दिला. घरी येताना आम्ही दोघी चौकात उभ्या. लाल दिवा. वहिनी समोर बघतेय, चेहरा निर्विकार. मीही केलं! कोपऱ्यावरच्या पोलिसाला काय कळणार!

२६ मार्च, बुधवार

दादा आज वहिनीला म्हणाला, "तू जेव. बसून. ती गाणं शिकतेय." हे वाक्य त्याच्यापर्यंत कसं पोचलं? मी सांगितलं नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

वहिनी डेपोत गेली होती. खिडकीचा अर्ज मागे घेतला! साहेबांपुढे काय बोलली ते तिने घरी जेवताना करून दाखवलं — एक बाजू तिची, एक साहेबांची.

"साहेब, मला रजा वाढवून द्या, आणि परत आले की असा मार्ग द्या जिथे शेवटच्या थांब्यावर संडास आहे."

"त्याचा काय संबंध?"

"मला लघवीला जायला जागा लागते, साहेब. तुम्हाला लागते तशीच."

साहेब म्हणे टेबलावरचं पेन शोधायला लागले, आणि पेन त्यांच्या हातातच होतं. रजा वाढली. जूनपासून छोटा मार्ग, दोन्ही टोकांना संडास. वहिनी बाहेर आली तर दोन महिला वाहक जिन्यात थांबल्या होत्या. एक म्हणाली, "बाई, आम्ही इतकी वर्षं तहान मारतोय."

मी ते वाक्य चार वेळा सांगायला लावलं. "तुम्हाला लागते तशीच." मला आयुष्यात कधी असं बोलता येईल का? मला तर दुकानात सुटे मागायचे तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं.

आई हे सगळं ऐकत होती. वहिनीच्या पेल्यात पाणी ओतलं, काठापर्यंत.

३१ मार्च, सोमवार

वर्गाला जाताना आज आई म्हणाली, "बाळाला इथेच ठेवा, मी बघते. तिथे तिला मांडीवर घेऊन काय नाड्या ओढणार?"

नाड्या! म्हणजे दाराआडून ऐकते. वहिनी घरी चटईवर पडून करते तेव्हा आईला नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं. काल तर उशीचा अभ्राच शोधत होती, आणि तो तिच्या खांद्यावर होता. वहिनी म्हणाली, "बसा ना आई, बघा." आई म्हणाली, "मला काय करायचंय बघून." पण उभी राहिली.

१ एप्रिल, मंगळवार

वहिनी सकाळी शिंकली. तीनदा. मी आणि दादा दोघेही थिजलो आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काय बघताय? पहिल्या दोन पास. तिसरीत काठावर."

४ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी आई भांडी पुसत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "मास्तरीण, तुझ्या मॅडम फक्त नव्या बाळंतिणींनाच बघतात का गं?"

"नाही. सगळ्यांना."

एकच वाटी पुसत राहिली. मग म्हणाली, "माझं अंग बाहेर येतं. जड उचललं की. कधी नुसतं उभं राहिलं तरी. हाताने आत सारते." आणि वाटी खाली ठेवत, "तू झालीस तेव्हापासून."

मी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले. भांडी संपेपर्यंत आम्ही दोघी पुसत होतो.

गर्भाशय खाली उतरलं असणार; हे नुसत्या व्यायामाचं काम नाही, आधी डॉक्टरांनी बघायला हवं, एवढं मला कळतं. स्त्रियांच्या डॉक्टर केंद्रात मंगळवारी बसतात. तेवढं तिला सांगितलं. आई म्हणाली, "बघू."

रजेचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय. मी तिच्याबरोबर जाणार. मंगळवार, ८ एप्रिल, सकाळी.